धुक्याला लागणारी वीज

धुक्याला वीज लागते, ही गोष्ट जिनलानला वयाच्या सहासष्टाव्या वर्षी कळली.

बुधवारची सकाळ होती. वस्तीच्या सभागृहात ज्येष्ठांचा संगणकाचा वर्ग भरला होता. बाकीच्या बायका नातवंडांच्या फोटोंना फुलांच्या चौकटी लावायला शिकत होत्या आणि जिनलान, गेली दोन वर्षं, वर्गात आणि घरी, एक गाव बांधत होती. गाव तिचंच. डोंगराच्या कुशीतलं, नदीकाठचं, बावीस घरांचं. ती पाच वर्षांची असताना ते धरणाच्या पाण्याखाली गेलं होतं, आणि आता पडद्यावर एकेक घर करून पुन्हा वर येत होतं. कापराचं जुनं झाड आलं, चहाचा उतार आला, तुंगच्या झाडांच्या पांढऱ्या फुलांनी भरलेली पायवाट आली. राहिलं होतं फक्त धुकं. त्या सकाळी वर्ग घेणाऱ्या के सरांनी ते सुरू करून दिलं, तशी पडद्यावरची नदी थबकली, झाडावरून निघालेलं एक पान हवेतच थांबलं आणि बराच वेळ खाली यायचं नाव घेईना.

"गाव सुरेख झालंय, मावशी," के सर म्हणाले. "पण या मशीनला धुकं झेपत नाही, तुमच्या घरच्यालाही झेपणार नाही."

"बावीस घरं झेपतात, आणि धुकं झेपत नाही? धुक्याला काय वजन असतं?"

"घर एकदा काढलं की झालं. धुकं दर क्षणाला नव्यानं काढावं लागतं. उजेड त्यात शिरणार, विखरणार, प्रत्येक ठिकाणी वेगळा दिसणार. त्याला ताकदीचं ग्राफिक्स कार्ड हवं, आणि त्या कार्डाला भरपूर वीज."

"आमच्या गावात वीज नव्हती," जिनलान म्हणाली. "धुकं मात्र रोज असायचं."

"मग राहू द्या ना धुकं. त्याच्याशिवाय गाव उलट स्वच्छ दिसेल."

"नको," ती घाईनं म्हणाली.

स्वच्छ दिसण्याचीच तर तिला भीती होती. नदीवर एक झुलता पूल होता आणि त्या पुलापलीकडे काय होतं, ते तिला आठवतच नव्हतं. डोळे मिटून कितीही वेळ बसलं तरी पुलाच्या मध्यापर्यंतच पोहोचता यायचं. पुढे सगळं पांढरं, मऊ, कापसासारखं. त्यामुळे तिनं पलीकडे काही बांधलंच नव्हतं. पूल जायचा आणि हवेत संपायचा. तिथे धुकं पाहिजेच होतं.

आणि ते रविवारच्या आत पाहिजे होतं. रविवारी ताई यायची होती. ताओमेइ ताई तिच्याहून तेरा वर्षांनी मोठी. सोमवारच्या विमानानं ती मुलाकडे कॅनडाला चालली होती, कायमची. त्या गावात राहिलेली अशी आता दोनच माणसं उरली होती, आणि त्यांतल्या एकीनं दुसरीला जन्मभर एकच वाक्य ऐकवलं होतं, "तुला काय आठवणार, तू तर माझ्या पाठीवर होतीस." लग्नात, बारशात, आईच्या तेराव्यालासुद्धा. एकदा, निदान एकदा तरी, ताईनं ते गाव बघून गप्प व्हावं, एवढीच जिनलानची इच्छा होती.

दुपारी ती मेट्रोनं संगणकाच्या बाजारात गेली. दुकानातली बाई चष्मा कपाळावर चढवून डबा खात होती.

"या मावशी. नातवासाठी ना?"

"माझ्यासाठी."

"अरे वा. काय खेळता?"

"खेळत काही नाही. मला धुकं पाडायचंय."

बाईनं डबा बाजूला ठेवला. असलं गिऱ्हाईक रोज येत नसावं. तिनं मागच्या फळीवरून एक खोकं उतरवलं; दिवाणखान्यातल्या उशीएवढं होतं. आतून निघालेली काळीभोर वीट तीन पंख्यांची होती, आणि हातात घेतल्यावर जिनलानचं मनगट खाली गेलं.

"हे कारखान्यातूनच ओव्हरक्लॉक होऊन येतं," बाई म्हणाली. "म्हणजे ह्याची जी मूळची चाल, तिच्याहून जोरात पळवलेलं. जोरात पळतं म्हणून जास्त खातं, जास्त खातं म्हणून तापतं, आणि तापतं म्हणून हे तीन पंखे."

"आणि हे रंगीत दिवे?"

"ते उगीच. पण दिवे नसले तर कोणी घेत नाही. घरी पॉवर सप्लाय केवढ्याचा आहे?"

"घरी भिंतीत प्लग आहे."

बाईनं तिच्याकडे एक क्षण मायेनं पाहिलं. "मावशी, हे एकटं साडेचारशे वॅट खातं. शिवाय मध्येच ह्याच्या अंगात येतं, तेव्हा क्षणभर सहाशेच्या वर जातं. तुमच्या जुन्या सप्लायला ते सोसायचं नाही. हजारचा घ्या. ही जाड वायर वेगळी लावायची, तिचा खटका नीट बसल्याचा आवाज ऐकू आला पाहिजे. आणि घरातली वायर जुनी असेल तर जरा जपून."

"अंगात येतं म्हणजे? देवळातल्या भगतासारखं?"

"तसंच. फक्त हे काही सांगत नाही, नुसतं खातं."

जिनलाननं वर्षानुवर्षं नव्या वर्षाच्या पैशांची लाल पाकिटं ज्या डब्यात साठवली होती तो डबा त्या दिवशी रिकामा झाला. कार्ड आणि नवा सप्लाय घेऊन ती घरी पोहोचल्यावर तिच्या नवऱ्यानं, श्वेइमूनं, कार्डाचं खोकं दोन्ही हातांनी तोलून पाहिलं. चाळीस वर्षं टॅक्सी चालवलेला माणूस. कुठल्याही सामानाकडे तो डिकीच्या मापानंच बघायचा.

"म्हातारे, हे तुझ्या मशीनमध्ये बसणार नाही."

"बसेल. तू पकड, म्हाताऱ्या माकडा, बोलू नकोस."

ते बसलं नाही. कॅबिनेट चार बोटं आखूड निघालं. श्वेइमूनं आतला एक पत्र्याचा पिंजरा काढला, मग दुसरा काढला, मग बाजूचं झाकणच कायमचं काढून पलंगाखाली सरकवलं. कार्ड आत गेलं तेव्हा एका टोकाला धरलेलं आणि दुसऱ्या टोकाला लोंबकळत राहिलं, जड टोपलीनं झुकलेल्या फांदीसारखं. टेकू हवा होता. श्वेइमूनं घरभर नजर फिरवली आणि माजोंगच्या खेळाच्या डब्यातल्या चार सोंगट्या एकावर एक रचून कार्डाखाली सारल्या. माप इतकं अचूक जमलं की दोघंही थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिली.

"परवा माझा डाव आहे," तो म्हणाला.

"उरलेल्या एकशे चाळीस सोंगट्यांनी खेळा. कोण मोजतंय."

मग तिनं मशीन सुरू केलं. दिवे निळे झाले, जांभळे झाले, पंख्यांनी एक दीर्घ श्वास घेतला. आणि गावात धुकं उतरलं.

आधी नदीवर एक पातळ पट्टा दिसला. तो हळूहळू उठला, चहाच्या उतारावर चढला, कापराच्या झाडाच्या बुंध्याला वळसा घालून पायवाटेवर आला. तुंगची फुलं त्यात एकेक करून विरघळली. पुलाच्या दोऱ्या मध्यापर्यंत दिसत होत्या आणि तिथून पुढे नुसता श्वास होता. पंख्यांचा आवाज होता, पण जिनलानला तो डोंगरावरून येणाऱ्या वाऱ्यासारखा ऐकू येत होता. कार्डाची ऊब पायांना लागत होती. तिला वाटलं, आता कोणीतरी हाक मारील, आणि आपण पाठीवरून मान वर करून बघू.

स्वयंपाकघरात श्वेइमूनं भाताच्या कुकरचं बटण खाली दाबलं, आणि सगळं गाव पुन्हा पाण्याखाली गेल्यासारखं काळं झालं. फ्रिज थांबला. चहाचं पाणी तापवणारी किटली गप्प झाली.

"मी फक्त भात लावला," आतून आवाज आला.

इलेक्ट्रिशियन दुसऱ्या दिवशी येऊन गेला. घर पंचेचाळीस वर्षांचं. स्वयंपाकघर, न्हाणीघर, दिवाणखाना, सगळं एकाच खटक्यावर. बदलायचं तर भिंती फोडाव्या लागतील, आणि तो मोकळा होणार पुढच्या महिन्यात. तोवर त्याचा सल्ला साधा होता. "किटली, कुकर आणि हे तुमचं धुकं, यातलं एका वेळी एकच."

मग वेळापत्रक झालं आणि फ्रिजच्या दारावर चिकटलं. रविवारी अकरा ते बारा धुकं; त्या वेळात किटली बंद, कुकर बंद, केस वाळवायचं यंत्र बंद. श्वेइमूचा जीव कोंबडीच्या सुपात अडकला होता. मेहुणी कायमची चालली म्हणून त्यानं वीस वर्षं मुरलेला काळा मुळा बरणीतून काढला होता. त्याचं कोंबडीबरोबरचं सूप म्हणजे त्यांच्या घरचा सर्वांत मोठा मान. ते साडेदहापर्यंत तयार करून झाकून ठेवायचं, असा करार झाला.

"आणि देव्हाऱ्यातले दिवे?" त्यानं विचारलं.

पूर्वजांच्या पाट्यांपुढे दोन लाल दिवे होते. लग्न झाल्यापासून ते कधी मालवले नव्हते. दोन्ही मिळून रात्रीच्या बल्बाएवढीसुद्धा वीज घेत नसत, पण श्वेइमू नियमाचा माणूस होता. बंद म्हणजे सगळं बंद. आणि पूर्वजांचे दिवे बंद करायचे तर त्यांना विचारल्याशिवाय नाही. त्यानं उदबत्ती लावली, चंद्रकोरीसारखे दोन लाकडी कौल हातात घेतले आणि उंच आवाजात प्रकरण समजावून सांगितलं, वॅटसकट. मग कौल टाकले. एक पालथा आणि एक उताणा पडला की होकार. दोन्ही पालथे पडले की नकार, आणि दोन्ही उताणे पडले की पूर्वज उत्तर न देता नुसते हसताहेत. दोन्ही उताणे पडले, पोटं वर करून डुलत राहिले.

"हसले," जिनलान म्हणाली.

त्यानं पुन्हा टाकले. पुन्हा हसले. तिसऱ्यांदा तर एक कौल गिरक्या घेत चपलांच्या कपाटापर्यंत गेला आणि तिथेही उताणाच पडला.

"तुझे बाबा जिवंतपणी इतके हसले नव्हते," ती म्हणाली. "राहू देत दिवे."

रविवारी ताई वेळेआधीच आली. पाच मजले चढून आली तरी दम लागला नव्हता; दारातच तिनं बहिणीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"बारीक झालीस. श्वेइमू, हिला खायला देतोस की नाही?"

"देतो ना ताई. पण आजकाल घरात हिच्यापेक्षा जास्त खाणारं एक आलंय."

ताईनं रंगीत दिव्यांची ती काळी वीट पाहिली, तिच्याखालच्या सोंगट्या पाहिल्या. जिनलाननं पडदे ओढून घेतले, खुर्ची पुढे केली, धुकं सुरू केलं.

"थांब," ताई म्हणाली. "आधी मी जाऊन येते. माझ्या वयाला गाव बघायचं तर निवांत बघावं."

न्हाणीघरात धाकट्या मुलीनं गेल्या वर्षी भेट दिलेलं गरम बैठकीचं कमोड होतं. त्याच्या वरच्या बाजूला अकरा बटणं होती आणि कोणी बसलं की पाणी तापवायला ते आपण होऊन सुरू व्हायचं. वेळापत्रकात ते लिहायचं राहून गेलं होतं. आणि त्याच वेळी स्वयंपाकघरात श्वेइमूनं झाकण उचलून सुपात बोट बुडवलं. सूप कोमट होतं. बायकोच्या थोरल्या बहिणीला, कायमची जाताना, कोमट सूप वाढायचं हे काही त्याच्या मनाला पटेना. दोन मिनिटांनी काय होतंय, असं म्हणून त्यानं कुकरचं बटण हळूच, अगदी आवाज न करता, खाली दाबलं.

घर अंधारलं. पंखे सुस्कारा टाकून थांबले.

"लान," न्हाणीघरातून ताईचा शांत आवाज आला, "तुमच्याकडे माणूस बसलं की दिवे जातात का?"

"श्वेइमू," जिनलान म्हणाली. म्हातारं माकड नाही, नुसतं नाव. लग्नाच्या त्रेचाळीस वर्षांत हे तिसऱ्यांदा घडत होतं.

तो घाबरून खटक्याकडे धावला. पडदे ओढलेले, पायांत जाड वायर. त्याचा पाय अडकला, कॅबिनेट इंचभर सरकलं आणि चार सोंगट्या खळखळत जमिनीवर पडल्या. त्यानं खटका वर केला. फ्रिज चालू झाला, कार्डाचे पंखे फिरू लागले, दिवे निळे झाले, जांभळे झाले. संगणकाचा पडदा मात्र कोराच राहिला. कार्ड आपल्या खाचेतून अर्धवट निसटून लोंबत होतं, आणि त्याही अवस्थेत सणाच्या मंडपासारखं झगमगत होतं.

जिनलाननं के सरांना फोन लावला. ते देवळाच्या जेवणावळीत होते. मागे ढोल वाजत होते.

"हात लावू नका त्याला," सर म्हणाले. "आधी सगळं बंद करा. कार्ड काढून ठेवा. मशीनच्या मागे वरच्या बाजूला दुसरं एक भोक आहे, पडद्याची वायर त्यात घाला. प्रोसेसरच्या पोटातच एक लहानसं चित्र काढणारं असतं. गरीब आहे, पण घरं दाखवील."

"आणि धुकं?"

"धुकं विसरा, मावशी."

ताई हात पुसत येऊन खुर्चीत बसली होती. उद्या दुपारी तिचं विमान होतं. जिनलाननं वायर बदलली, धुक्याच्या चौकटीतली खूण काढली, आणि ज्याला ती दोन वर्षं घाबरत होती ते स्वच्छ, लख्ख गाव समोर उभं राहिलं.

ताई पुढे झुकली. बराच वेळ तिचा हात माऊसवर नुसता पडून होता. मग ती चालू लागली. पायवाटेनं, फुलांवरून, एकेका दारापुढे थांबत.

"हे ल्वो दादांचं. बरोबर. विहीर बरोबर. डुकरांचा गोठा इकडे नव्हता गं, उलट्या बाजूला, नाहीतर सगळा वास देवळात गेला असता. हे झाड... हो. हे असंच होतं." तिनं डोळे टिपले आणि लगेच खाकरली. "आईनं सांगितलेलं लक्षात ठेवलंस. तुला स्वतःला काय आठवणार."

जिनलान तिच्या खुर्चीमागे उभी होती. ताई देवळावरून नदीकडे वळली होती. पूल जवळ येत होता.

"ताई, सूप घेऊया का आता? निवतंय."

"थांब गं."

पुलाची पहिली फळी, दुसरी, दहावी. मध्य. आणि मग पूल संपला. पलीकडे नुसता निळसर राखाडी रंग, बाकी काहीच नव्हतं. डोंगर नाही, आभाळ नाही, जमीन नाही. ताईनं माऊस पुढे ढकलला, मागे घेतला, पुन्हा ढकलला.

"पुढे काय झालं?"

"मी बांधलं नाही," जिनलान म्हणाली. तिचा आवाज लहान झाला. "मला आठवत नाही. तिथे नेहमी धुकं असायचं. म्हणून ते कार्ड आणलं होतं."

"धुकं?" ताईनं खुर्ची वळवली. "कुठलं धुकं? आपल्या गावात उन्हाळाभर नदीचा तळ दिसायचा."

"पुलावर असायचं. रोज संध्याकाळी. मला एवढं पक्कं आठवतंय, ताई. पांढरं, मऊ. पुलाच्या मध्यापासून पुढे."

ताईच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, आणि एकोणऐंशी वर्षांची ती बाई चक्क लाजली.

"ते धुकं नव्हे. तुला झोप यायची."

"म्हणजे?"

"तू पाठीवर असलीस की आई मला पलीकडे जाऊ द्यायची. पोर किरकिर करतंय, फिरवून आणते, असं सांगून मी निघायचे. पूल झुलायचा आणि मध्यावर यायच्या आत तू माझ्या मानेवर डोकं टाकायचीस. रोज. मी मुद्दाम हळू चालायचे, तू पुरती झोपेपर्यंत."

स्वयंपाकघराच्या दारात श्वेइमू हातात पळी घेऊन उभा होता. "सहाशे वॅट," तो हळूच म्हणाला, "झोपेसाठी."

जिनलाननं त्याच्याकडे पाहिलं नाही. एकसष्ट वर्षांपूर्वीच्या त्या मानेचा वास तिला येत होता. चहाचा, घामाचा, उन्हात वाळलेल्या कापडाचा. "पलीकडे कोण होतं, ताई?"

"श्वेइमू, सूप गरम कर," ताई म्हणाली. "चांगलं उकळू दे. सावकाश."

तो आत गेला. त्यानं कुकरचं बटण दाबल्याचा आवाज आला, आणि या वेळी वीज गेली नाही. ताईनं खुर्ची बाजूला सरकवली आणि जिनलानला शेजारी बसायला जागा केली.

"घे, काढ. पुलावरून उतरलं की डाव्या हाताला बांबूचं बन. त्याला वळसा घालून वाट. बारीक काढ, दोघं एका वेळी चालू शकणार नाहीत इतकी."

जिनलाननं वाट काढली. गरीब बिचाऱ्या त्या मशीननं ती निमूटपणे दाखवली.

"तिथे एकच घर होतं. होड्या दुरुस्त करायचे ते. छप्पर बुटकं. अजून बुटकं, बाहेर पडताना त्याला वाकावं लागायचं. अंगणात एक उलटी टाकलेली होडी. दार निळं."

"कसलं निळं?"

"होडीला लावून उरलेलं."

जिनलाननं एकामागून एक निळे रंग लावून दाखवले. ताईनं प्रत्येकाला नाही म्हणून मान हलवली, सहाव्याला हलवली नाही. स्वयंपाकघरातून मुळ्याचा मुरलेला वास येत होता आणि खिडकीच्या पडद्याच्या फटीतून आलेलं दुपारचं ऊन दोघींच्या पायांवर पडलं होतं.

"ताई, हे दार उघडं दाखवू की बंद?"

ताईनं खूप वेळ विचार केला. एवढा वेळ तिनं कॅनडाला जायचं ठरवतानाही घेतला नसेल.

"नुसतं लोटलेलं ठेव," ती म्हणाली. "कडी लावू नकोस."